शिकाऊ पाळक आणि मंडळीतले समज

मंडळीतला एखादा मुलगा किंवा मुलगी ‘मला पूर्णवेळ सेवेत जायचे आहे’ असे म्हणाली की सगळ्यांना आनंद होतो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, आईच्या डोळ्यांत पाणी येते. त्यानंतरची वाट मात्र त्या तरुणाला बहुधा एकट्याने चालावी लागते. कुठे शिकायचे, कोणाच्या हाताखाली काम करायचे, खर्च कोण देणार, जमले नाही तर काय, हे प्रश्न कोणी विचारत नाही. मंडळीत काही समज इतके पक्के बसले आहेत की हे प्रश्न सुचतच नाहीत. हे समज वाईट हेतूने आलेले नाहीत. बरेचसे श्रद्धेतूनच आले आहेत, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे जड जाते. तरीही द्यायला हवे, कारण त्यांची किंमत विशी-बाविशीतली मुले मोजतात.

महाराष्ट्रात हा विषय नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. गोव्यातली आणि वसईची कॅथलिक परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. सेवक कसा घडवायचा याचा एवढा अनुभव आपल्याच मातीत आहे. त्याच्याकडे पाहिले तर यातले बरेच समज टिकत नाहीत.

‘देवाने बोलावले आहे, मग शिकायची गरज काय?’

हा समज मांडणारे लोक पेत्र आणि योहानाचे उदाहरण देतात. ते कोळी होते, अशिक्षित होते, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. खरे आहे. पण ते येशूबरोबर चालले, जेवले, चुकले, रागावून घेतले, पुन्हा पाठवले गेले. इतके बारकाईचे शिक्षण आज कोणत्याही सेमिनरीत मिळत नाही. आणि पौल गमलिएलाच्या पायाशी बसून शिकला होता, हे आपण सोयीने विसरतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते पोक्त वयाचे होते. संस्कृत आणि मराठीवर प्रभुत्व, कवी म्हणून नाव, वक्तृत्व, सारे होते. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी पाळक करावे, असे कोणालाही वाटले असते. त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली १९०४ मध्ये. मधली वर्षे नगर परिसरात अभ्यासात, शिकवण्यात आणि लोकांमध्ये राहण्यात गेली. एवढ्या तयारीच्या माणसासाठी एवढा काळ लागला, तर विशीतल्या मुलाला दोन शिबिरांनंतर व्यासपीठ देताना आपण थोडे थांबायला हरकत नाही.

कॅथलिक चर्चने हा धडा फार पूर्वी घेतला. ट्रेंटच्या महासभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असे ठरवले. आजच्या चर्च कायद्यानुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून पूर्ण सहा वर्षांचा अभ्यास करावा लागतो, आणि पंचविशी पूर्ण होण्याआधी धर्मगुरूपदाची दीक्षा देत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये धर्मगुरूंच्या घडणीविषयी लिहिताना माणूस म्हणून घडणे हा साऱ्या घडणीचा पाया मानला. राग आवरता येणे, ऐकून घेता येणे, दिलेला शब्द पाळणे, एकटेपणा सोसता येणे हे आधी. ग्रीक व्याकरण त्यानंतर.

आणखी एक गोष्ट. पाचारण ही त्या एका तरुणाची खासगी बाब आहे, असे आपण मानतो. पण अंत्युखियाच्या मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, आणि मग बर्णबा व शौल यांना पाठवले. पाचारण ओळखण्यात मंडळीचा वाटा होता. मुलाला हाक ऐकू आली म्हणून मंडळीने कान बंद करायचे नसतात.

‘मध्येच परतला, म्हणजे पाचारण खोटेच होते’

या समजाने सगळ्यांत जास्त नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सेमिनरी सोडून आलेला मुलगा गावात परतला की लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागतात. लग्नाच्या बैठकीत तो विषय निघतो. त्याने काहीतरी केले असणार, अशी कुजबुज होते. पुष्कळ मुले या भीतीनेच परत येत नाहीत. मन उठून गेलेले असते तरी दीक्षेपर्यंत रेटत जातात. मग एक दुःखी पाळक तयार होतो आणि त्याच्याबरोबर एक दुःखी मंडळी.

वस्तुस्थिती अशी की उमेदवारीचा काळ ठेवला जातो तो पारखण्यासाठीच. येशूसंघात नव्याने आलेल्याला दोन वर्षे नवशिक्या म्हणून काढावी लागतात, त्यानंतर तो पहिली व्रते घेतो. या दोन वर्षांत तो संघाला पारखतो आणि संघ त्याला. दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या संस्थेतही आधी डीकन आणि मग प्रेस्बिटर असे टप्पे आहेत. ज्या टप्प्यावर कोणी थांबूच शकत नाही, तो टप्पा परीक्षेचा राहत नाही.

आता मार्काकडे पाहू. पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीवर निघाले तेव्हा योहान मार्क त्यांच्याबरोबर मदतनीस म्हणून होता. म्हणजे शिकाऊच. पंफुल्यातल्या पिर्गा येथून तो त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. का, ते पुस्तक सांगत नाही. दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबाला तो पुन्हा हवा होता, पौलाला नको होता. वाद इतका वाढला की दोघे थोर प्रेषित वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन गेला, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला.

पौल चूक होता असे मी म्हणणार नाही. सोबत्यांचे जीव ज्याच्या भरवशावर आहेत तो माणूस वाटेत निघून गेला, तर पुन्हा त्याच्यावर विसंबणे अवघड असते. पण पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना हाच पौल मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे कळवतो. मधल्या वर्षांत मार्काचे काय झाले याचा तपशील आपल्याकडे नाही. एवढे दिसते की बर्णबाने त्याला हाताशी धरले. मंडळीची परंपरा दुसरे शुभवर्तमान याच मार्काचे मानते. तो पिर्ग्याहून परतला त्या दिवशी कोणी त्याचे नाव कायमचे खोडले असते तर?

आपल्या मंडळीत पौलाची बाजू घेणारे पुष्कळ असतात. बर्णबा शोधावा लागतो. परतलेल्या मुलाला त्याच रविवारी व्यासपीठावर उभे करू नका, पण त्याला घरी जेवायला बोलवा. त्याला नोकरी शोधायला मदत करा. शब्बाथशाळेत शिकवायचे असेल तर शिकवू द्या. काहींचे पाचारण शाळेत, दवाखान्यात, शेतात असते. ते कळायला सेमिनरीतले एक वर्ष खर्ची पडले तर ते वाया गेले असे कोणी म्हणू नये.

‘पदवी घेऊन आला, आता तयार झाला’

पदवीला मी कमी लेखत नाही. १८१८ मध्ये केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी श्रीरामपूर कॉलेज स्थापले, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. हे बंगालमधले श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. आजही देशभरातली कितीतरी ईशज्ञान महाविद्यालये त्याच परंपरेच्या पदव्या देतात. पुण्यात तर शिक्षणाची मोठीच सोय आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला आली. पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. या संस्थांमधून देशभर सेवक गेले आहेत.

पण तिथे शिकवणे इंग्रजीत चालते. बीड किंवा जालना जिल्ह्यातल्या वस्तीवरून आलेला मुलगा कृपा, तारण, नीतिमान ठरणे या साऱ्या गोष्टी इंग्रजीतून शिकतो, इंग्रजीतून परीक्षा देतो आणि परत येऊन एखाद्या आजीच्या उशाशी बसतो. तिला मरणाची भीती वाटते आहे. त्याच्याजवळ ज्ञान आहे, पण आजीच्या भाषेत ते सांगायची सवय गेलेली आहे. हा दोष एकट्या सेमिनरीचा नाही. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला कोणी वस्तीवर घेऊन गेले, आजारी माणसाशेजारी बसवले, ‘उपासना संगीत’ मधल्या टिळकांच्या गीतांवर बोलायला सांगितले, तर ती सवय राहते.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले येशूसंघीय. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला पहिले छापील रूप मिळाले १६१६ मध्ये, रायतूरला. परक्या माणसाने मराठी ओवी आत्मसात करायला किती कष्ट घेतले असतील ते या दोन सालांमधल्या अंतरावरून कळते. घरातल्या माणसाला तरी आपली भाषा राखायला आपण वेळ द्यायला हवा.

पदवीत न मावणारी कामे आणखी आहेत. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. त्यानुसार विवाह सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच लावायचा असतो, त्याची नोंद ठेवायची असते, आणि वेळेचा नियम मोडल्यास लावणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. वऱ्हाड उशिरा आले आणि वडीलधारी मंडळी ‘होऊ द्या हो पाळकसाहेब’ म्हणू लागली, की नव्या पाळकाला हा कायदा आठवायला हवा आणि ‘नाही’ म्हणायची ताकदही हवी. दफनभूमीच्या जागेचा वाद, दोन भावांतला अबोला, मूल गेलेल्या घरातला पहिला तास, हिशेबाची वही हे सारे कोणीतरी बरोबर नेऊनच शिकवावे लागते.

ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या शिक्षकांना १९६३ च्या सुमारास हीच अडचण दिसली. शहरात शिकलेले तरुण खेड्यांत टिकत नव्हते. ज्यांना खेड्यातली मंडळी खरोखर मानत होती ते संसारी लोक शेत आणि मुलेबाळे सोडून शहरात येऊ शकत नव्हते. म्हणून शिक्षकच फिरू लागले. विद्यार्थी घरी अभ्यास करत आणि ठरलेल्या दिवशी जवळच्या केंद्रावर शिक्षकांना भेटत. ही पद्धत जगभर गेली. भारतात १९७१ पासून ‘टॅफ्टी’ ही संस्था याच रीतीने शिकवते. नोकरी सांभाळून, गावात राहून, सेवा करता करता शिकणे याला कोणी दुय्यम समजू नये.

‘शिकाऊ म्हणजे हाताखालचा माणूस’

सतरंज्या घालणे, माइक लावणे, पाळकसाहेबांच्या मुलांना शाळेतून आणणे, बिशप आले की स्टेशनवर जाणे. कितीतरी उमेदवारांची वर्षे यातच जातात. सेवकाने नम्र असावे, हे सांगून ते समर्थनीय ठरवले जाते. सतरंज्या घालण्यात कमीपणा नाही. पाळकानेही घालाव्यात. पण दुसरे काहीच दिले नाही, तर त्या मुलाच्या हाती नम्रता लागत नाही. लागते ती मुकाट्याने राबण्याची सवय, आणि पुढे तो पाळक झाला की हेच काम दुसऱ्या मुलाकडून करून घेतो.

शिकवणे म्हणजे काय ते अगदी साधेपणाने सांगता येते. पहिल्यांदा तो पाळकाबरोबर घरभेटीला जातो आणि फक्त ऐकतो. परतताना वाटेत पाळक विचारतो, त्या बाईंनी नवऱ्याचा विषय का टाळला असेल? काही महिन्यांनी प्रार्थना तो करतो. मग एका कुटुंबाची जबाबदारी त्याच्याकडे येते, पण दर आठवड्याला बसून बोलणे चालू राहते. प्रवचन देण्याआधी ते पाळकाने ऐकावे. दिल्यावर सोमवारी तासभर बसावे. काय चांगले झाले ते आधी सांगावे, मग कुठे वचनापासून दूर गेला ते सांगावे, आणि तेही चारचौघांत नव्हे. त्याच्या चुका मंडळीसमोर आल्या तर पाळकाने स्वतः पुढे होऊन उत्तर द्यावे. सुतार नवख्या पोराच्या हाती पटाशी देतो आणि शेजारी उभा राहतो, तसे हे आहे.

पौल आणि तीमथ्य यांचे नाते पाहा. तीमथ्य लुस्त्राचा. आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून विश्वासाचा वारसा मिळालेला. स्थानिक भावांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली, म्हणजे मंडळीची शिफारस होती. पौलाने त्याला बरोबर घेतले, नंतर एकट्याला अवघड ठिकाणी पाठवले, करिंथकरांना लिहिले की तो निर्धास्त राहील असे पाहा, त्याला कोणी तुच्छ मानू नये. त्याच्या पोटाच्या तक्रारीचीही काळजी पत्रात आहे. वयाने लहान म्हणून अडवायचे नाही, आणि एकटे सोडायचेही नाही, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र दिसतात.

एक खबरदारी आजच्या काळात टाळता येणार नाही. शिकाऊ तरुण पूर्णपणे एका माणसाच्या मर्जीवर असेल, तर तो धोका आहे, मग तो माणूस कितीही चांगला असो. त्याला जाऊन बोलता येईल असा दुसरा कोणीतरी मंडळीने ठरवून द्यावा. मुलींच्या बाबतीत तर हे नक्कीच.

‘विश्वासाने जगणाऱ्याला पगार कशाला?’

पुन्हा टिळकांचेच नाव पुढे येते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ‘देवाचा दरबार’ उभा करायला निघाले. थोर निर्णय. पण त्या वेळी ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. पोटाला चिमटा काढून शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलावर मंडळीने तो लादायचा नसतो. शिवाय टिळकांच्या हातून घरातले सर्व दुसऱ्यांना वाटले जाई तेव्हा संसार कसा रेटावा लागे, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. विश्वासाने जगणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी चूल पेटवत असते.

पौल तंबू शिवून पोट भरत असे, हे खरे. पण त्याच पौलाने करिंथकरांना सांगितले की सुवार्ता गाजवणाऱ्यांचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा अशी प्रभूचीच आज्ञा आहे, आणि तो हक्क आपण स्वतःहून सोडला. हक्क सोडणे एक, हक्कच नाकारणे दुसरे.

नगरमध्ये हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी उभा राहिला. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना तिथे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन भारतात आले. स्थानिक मंडळीने आपला कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च स्वतः उचलावा, सुवार्ता स्वतः पोचवावी, असा त्यांचा आग्रह होता. मिशनचा पैसा आता बराचसा आटला आहे, पण पैसा कुठून तरी येतो ही सवय अनेक मंडळ्यांत राहिली आहे.

गरिबीचे कारण पुढे करणाऱ्यांनी मिझोरामकडे पाहावे. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायका १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्या पैशांतून सेवेचा खर्च चालतो. तांदळाची मूठ प्रत्येक घराला परवडते. तेलंगणातल्या दोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरया, १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झालेले, यांनीही खेड्यांतल्या गरीब मंडळ्यांना देण्याची सवय लावली. देणे हे शिष्यत्वाचा भाग आहे, हे शिकवण्यावर त्यांचा भर होता.

शिकाऊ सेवकाला किती द्यावे? आकडा गावानुसार ठरेल. पण तो लिहून ठरलेला असावा, ठरलेल्या तारखेला मिळावा, आणि त्यासाठी त्याला खजिनदारांच्या दारात उभे राहावे लागू नये. दवाखान्याचा खर्च आणि पुस्तके वेगळी धरावीत. लग्न झालेला असेल तर पत्नीलाही विचारावे. ती फुकटची सेविका म्हणून मंडळीला मिळालेली नाही.

‘मुलींसाठी संडे स्कूल आहेच’

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर हाती घेतले तेव्हा त्यांच्या मदतीला होत्या त्या दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या मुली. काहींना हिब्रू आणि ग्रीक शिकवले गेले. खिळे जुळवणे, छापणे ही कामे स्त्रियांनी केली. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, त्याआधी भाषांतर पूर्ण झाले होते. वस्त्यावस्त्यांत जाऊन वचन सांगणाऱ्या बायबलबाया तर आपल्या मंडळ्यांचा कणा होत्या. पाळकाला जिथे उंबरा ओलांडता येत नसे तिथे त्या बसत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा नाही, पण धर्मभगिनींनी चालवलेले काम डोळ्यांसमोर आहे. एवढे असूनही ‘मला सेमिनरीत जायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न येतो तो लग्नाचा. तिलाही तोच प्रश्न विचारावा जो भावाला विचारतो: तुला हे का करायचे आहे? आणि मग तिचे उत्तर पूर्ण ऐकावे.

‘शिफारसपत्र दिले, आमचे काम झाले’

सेमिनरीचा अर्ज भरताना मंडळीचे पत्र लागते. पास्टोरेट समितीच्या बैठकीत शेवटच्या दहा मिनिटांत ते लिहिले जाते, सही-शिक्का होतो. माझी विनंती अशी की ते पत्र देण्यापूर्वी समितीने स्वतःसाठी आणखी एक कागद करावा. त्यात या मुलाशी किंवा मुलीशी महिन्यातून एकदा फोनवर कोण बोलणार त्या व्यक्तीचे नाव असावे. फीचा मंडळीचा वाटा किती आणि तो कोणत्या महिन्यात जाणार ते असावे. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कोणाबरोबर, कोणत्या वस्तीवर काम करणार ते असावे. त्याच्या आईवडिलांकडे कोण जाऊन येणार तेही असावे, कारण कमावते मूल दिलेल्या घराची ओढाताण त्याला तिथे झोपू देत नाही. तो परत आला तर आपण त्याला कसे घेऊ, यावर समितीने आधीच बोलून घ्यावे. हा कागद दरवर्षी जूनच्या बैठकीत वाचावा, आणि त्यातले जे झाले नसेल ते कोणी करायचे हे त्याच बैठकीत ठरवावे.